ठिकाण पाच ते बारा

६ जानेवारी २०२५, सोमवार

आज पौर्णिमा आली. शाळा सोडून सहा वर्षं झाली तिला, पण दारातली हाक तीच. "बाई, येऊ का आत?" मी तिला पाचवीपासून दहावीपर्यंत भूगोल आणि शिवण शिकवलं. फळ्यावर भरती-ओहोटीची आकृती काढली, तेव्हा "ओहोटीला गेलेलं पाणी ठेवतात कुठं, बाई?" असं विचारणारी हीच. आता समुद्रविज्ञानात एम.एस्सी. करते आहे. शेवटचं वर्ष.

तिची अडचण अशी. प्रबंधासाठी तिनं खाडीतल्या चौदा ठिकाणचा गाळ आणला आहे. तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा. कॉलेजात यंत्रं दोन आणि मुलं पाच, म्हणून त्यातलं जुनं यंत्र सरांनी घरी न्यायला दिलं. पण लोधिवलीचं घर जुन्या हायवेला चिकटून. कंटेनर गेला की टेबल हलतं आणि भिंगाखालचे कण उड्या मारतात. "आमच्याकडे गाळपण स्वस्थ बसत नाही, बाई," म्हणाली.

ह्यांच्या दवाखान्याची खोली चार वर्षं बंदच आहे. दहिवलीचा हा कोपरा शांत, घरात इन्व्हर्टर आहे. तिनं विचारायच्या आधीच मी हो म्हटलं.

घरकामाला येणाऱ्या जनीकडून खोली झाडून घेतली. ह्यांच्या होमिओपॅथीच्या छोट्या बाटल्या कपाटात तशाच राहू दिल्या. पौर्णिमेसाठी माळ्यावरचा निळ्या काठाचा कप काढून ठेवला. तिचा तिला वेगळा असला म्हणजे बिचारीला संकोच नको.

११ जानेवारी, शनिवार

यंत्र आलं. स्कूटीवर, तिच्या दोन जुन्या शालींत गुंडाळून. त्याच शाली खोलीत टेबलाखाली घालून ठेवल्या.

मला बघायला दिलं. गाळ बारीक चाळणीवर धुऊन, वाळवून जे उरतं ती नुसती करडी भुकटी. डोळा लावला. भुकटीत घरं होती. शेवयांच्या वेटोळ्यासारखी, चण्याच्या डाळीसारखी, एक तर थेट चिनी मातीच्या सुरईसारखं. फोरॅम म्हणतात त्यांना.

"एका पेशीचा जीव आहे, बाई. हात नाहीत, पाय नाहीत, पण घर बांधतो. एकेक खोली वाढवत जातो."

"म्हणजे माणसासारखाच की गं."

"माणसापेक्षा बरा. शेजाऱ्याशी भिंतीवरून भांडत नाही."

तिच्या शेतामागचा ओढा पाताळगंगेला मिळतो आणि पाताळगंगा खाडीला. म्हणून हा विषय घेतला म्हणाली. ओहोटीचं पाणी कुठं ठेवतात ते शोधते आहे अजून.

१७ जानेवारी, शुक्रवार

एका ठिकाणाची वेचणी करायला तिला तीन-चार दिवस लागतात. आठवड्यातले तीन दिवस कॉलेज. एप्रिलअखेर प्रबंध द्यायचा आहे. आज मी म्हटलं, मला शिकव. दहावीपर्यंत तुझ्या हातात सुई मी दिली, आता तू माझ्या हातात ब्रश दे.

तिनं तिच्या मार्गदर्शकांना, अजेय सरांना, फोन केला. ते म्हणाले, वेचायला हरकत नाही, पण ओळखायचं आणि मोजायचं पौर्णिमेनंच. मग तिनं मला समोर बसवून नियम सांगितले, अगदी बाईंसारखे. ब्रशचं टोक ओलं करायचं. फोरॅम अलगद उचलून काळ्या पट्टीवरच्या चौकोनांत ठेवायचे. साठ चौकोन आहेत. तीनशे होईपर्यंत वेचायचं. अर्ध्याहून कमी उरलेले तुकडे घ्यायचे नाहीत.

"आणि मी यात काय शोधतेय ते विचारायचं नाही."

"का गं बाई?"

"सर म्हणतात, वेचणाऱ्याला माहीत असलं की त्याचा डोळा तेवढंच शोधतो."

मी हसले. न विचारता काम करायला तर मी कॉन्व्हेंटमध्येच शिकले. तिनं दोन्ही टोकांकडून सुरुवात केली आहे. समुद्राकडची एक ते चार आणि नदीकडची तेरा-चौदा तिची. मधली पाच ते बारा माझी.

२२ जानेवारी, बुधवार

ठिकाण पाच पूर्ण झालं. पाठ भरून आली, पण मन कितीतरी दिवसांनी असं भरलेलं आहे.

एक गोष्ट. मधूनमधून वेडेवाकडे सापडतात. शेवटची खोली कुठल्या कुठे कललेली, दोन घरं एकमेकांत घुसलेली, तोंड पिळवटलेलं. तुटलेले म्हणावेत तर नाहीत, धड म्हणावेत तर तसेही नाहीत. पट्टीवर ते ठेवले की सगळी रांग बिघडते. मी ते बाजूला काढले. टाकायला जीव होईना म्हणून ह्यांच्या गोळ्यांच्या एका रिकाम्या बाटलीत ठेवले.

सिस्टर बेनेडिक्टांची आठवण झाली. पालकांच्या दिवसाआधी त्या आमचे भरतकामाचे रुमाल टेबलावर मांडायच्या. ज्यांचा टाका वाकडा, त्यांचे रुमाल बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. न बोलता, कुणाला न दुखावता. माझा रुमाल कायम टेबलावर. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीचा सात वर्षांत एकदाही आला नाही. तिचं नाव आठवायचा आज खूप प्रयत्न केला.

पौर्णिमा संध्याकाळी पट्टी बघून म्हणाली, "बाई, ही पट्टी नाही, रांगोळी आहे हो!"

३ फेब्रुवारी, सोमवार

सात झालं.

जनी दुपारी भांडी घासता घासता दारात येऊन उभी. "बाई, तांदूळ निवडून झाले का आता वाळू निवडताव?"

"वाळू नाही गं, समुद्रातले जीव आहेत."

"जिते हायत?"

"नाही, मेलेले."

"मग कशापायी येवढी माया?" आणि हसत गेली.

पौर्णिमेचं वळण चांगलं आहे. चहा झाला की आपला कप आपण धुते आणि मागच्या खिडकीत जनीच्या कपाशेजारी पालथा घालते. जनीसुद्धा म्हणाली, "पोरीला न सांगता कळतं बरं का, कुठं ठेवायचं ते." चहा पिताना कप ओढणीच्या टोकात धरते. थंडी बोटांत शिरत असेल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दहा झालं. डोळ्यांत पाणी येतं, पण थांबवत नाही. भिंगातून मान वर केली की ह्यांची रिकामी खुर्ची दिसते आणि वाटतं, आता विचारतील, "सुचेता, पेशंट किती राहिले?"

बाटलीचा तळ आता दिसत नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

बारा पूर्ण. सगळ्या पट्ट्या तिच्या हवाली केल्या. ती उठून माझ्या पाया पडली. मी तिला मधेच धरलं.

६ मार्च, गुरुवार

पौर्णिमा आज धावतच आली. मोजणी झाली. आकडे असे आले आहेत की तिला आणि सरांनाही आश्चर्य वाटतं आहे. खाडीच्या दोन्ही टोकांना बिघाड दिसतो, आणि मधली आठ ठिकाणं जवळजवळ स्वच्छ. बिघाड कसला, ते मी नियमाप्रमाणे विचारलं नाही.

"मधे काय आहे माहितीये, बाई? तिवरं! दोन्ही काठांना तिवरांचं दाट जंगल. ती पाणी गाळून घेत असणार. सर म्हणाले, हे खरं असेल तर मोठी गोष्ट आहे."

बावीस तारखेला मुंबईत विद्यार्थ्यांचं चर्चासत्र आहे. तिथे तिला हे मांडायचं आहे. गोव्याहून एक मॅडम येणार आहेत, त्या पीएच.डी.ला एकच मुलगी घेणार आहेत यंदा. सरांनी त्यांना पौर्णिमेबद्दल आधीच लिहिलं आहे. लोधिवलीची मुलगी गोव्याला समुद्रावर जाणार. मी देवापाशी साखर ठेवली.

१६ मार्च, रविवार

हे लिहू की नको?

पौर्णिमेनं आज हॉलमध्ये माझ्यासमोर भाषणाची तालीम केली. लॅपटॉप स्टुलावर, मी एकटी श्रोती. पहिली चार चित्रं नकाशांची. पाचवं चित्र आलं. पडदाभर एक फोरॅम. शेवटची खोली कललेली, तोंड पिळवटलेलं.

ती म्हणाली, "पाण्यात जड धातूंसारखं काही वाढलं, की या जिवाला घर नीट बांधता येत नाही. असे वेडेवाकडे नमुने शंभरात किती सापडतात, हेच माझ्या संशोधनाचं मोजमाप आहे. मधल्या आठ ठिकाणी ते जवळजवळ सापडलेच नाहीत." मग माझ्याकडे बघून हसली. "आता सांगायला हरकत नाही. हेच शोधत होते मी, बाई."

मी म्हटलं, छान झालं. आवाज मोठा ठेव. शेवटी घाई करू नकोस.

ती गेल्यावर कपाट उघडलं. बाटली तिथेच आहे.

१७ मार्च, सोमवार

काही झालं नाही. कपडे धुतले.

१८ मार्च, मंगळवार

मनाशी किती वाद घातले. तिवरं खरोखर पाणी गाळत असतीलही. बाटलीत आहेत तरी कितीसे? तिनंच सांगितलं होतं विचारू नका. आणि आता सांगितलं तर तिचं चर्चासत्र जाईल, गोव्याच्या मॅडम जातील. न सांगितलं तर कुणाचं काय बिघडतं? गाळाला जीभ नाही.

शाळेच्या प्रार्थनाघरात एक लाकडी खोली होती. ख्रिस्ती मुली शनिवारी तिथे गुडघे टेकून पापं सांगून यायच्या आणि बाहेर येताच खो-खो खेळायला पळायच्या. आम्हा हिंदू मुलींना आत जाता येत नसे. मला त्यांचा हेवा वाटायचा. माझ्याकडे सांगण्यासारखं पाप नाही याचंही थोडं वाईट वाटायचं.

पण ती तिथे लोकांसमोर उभी राहून म्हणेल, इथलं पाणी बरं आहे. आणि ते मी ठरवलेलं असेल, रांग बिघडू नये म्हणून.

१९ मार्च, बुधवार

सांगितलं.

ती भाषणासोबत लावायचं पोस्टर घेऊन आली होती. मी बाटली तिच्यासमोर ठेवली आणि सरळ म्हटलं, "हे पाच ते बारामधले आहेत. वाकडे होते म्हणून मी पट्टीवर घेतले नाहीत."

तिला आधी कळलंच नाही. "वाकडे म्हणजे? तुकडे?"

"तुकडे नाहीत गं. चित्रात होते तसले."

तिनं बाटली थाळीत ओतली आणि भिंगाला डोळा लावला.  मग मान वर न करताच बोलली.

"कुठल्या ठिकाणचे कुठले?"

"सगळे एकत्र आहेत."

"म्हणजे हेही वाया." मान वर केली तेव्हा चेहरा अगदी आठवीतला दिसत होता. "बाई, एकदा विचारायचं होतं हो. वाकडे घेऊ का, एवढंच. मी काय शोधतेय ते नाही. एवढंच विचारायचं होतं."

"मला वाटलं, चांगले तेवढेच तुला हवेत."

"चांगले!" ती उभी राहिली. रागावली की तिची घरची भाषा येते, मी प्रथमच ऐकली. "कोण ठरवनार चांगलं? त्या जिवानी जन्मभर राहून बांधलंय ते. वाकडं हाय म्हनून ते नाय का?"

मी रिकाम्या बाटलीला बूच लावलं.

मग हळू आवाजात म्हणाली, "वेगळं काढायची तुम्हाला सवय आहे, बाई. मीच ध्यानात ठेवायला हवं होतं."

तिनं माझ्यासमोरच सरांना फोन केला आणि चर्चासत्रातून नाव काढून घेतलं. सर बराच वेळ बोलत होते. ती नुसती "हो सर, नाही सर" करत होती. शेवटी म्हणाली, "नाही सर, दोन टोकांचंसुद्धा नाही मांडणार. लोक मधलं विचारतील, आणि मला माहीत नाही."

यंत्र इथेच ठेवून गेली. पोस्टर घेऊन गेली.

सवयीचं असं का म्हणाली? कॉन्व्हेंटच्या शिस्तीबद्दलच म्हणाली असेल.

२२ मार्च, शनिवार

आज ती तिथे उभी असती.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभारली. श्रीखंड जनीला दिलं. यंत्रावरची धूळ पुसली.

१ एप्रिल, मंगळवार

"बाई, येऊ का आत?"

हाक ऐकून हातातली वाटी पडली.

पिशवीतून तिनं बुचांच्या आठ बाटल्या काढल्या. गाळ धुतल्यावर प्रत्येक ठिकाणच्या भुकटीचे दोन भाग करतात, एक वेचायला, एक जपून ठेवायला. हे मला माहीत नव्हतं. म्हणजे पाच ते बारा अजून आहेत! मी हसले, आणि तिचा चेहरा पाहून थांबले.

"एकोणतीस दिवस आहेत. चार मी, चार तुम्ही. मला एकटीला जमणार नाही, जमलं असतं तर आले नसते."

"बरं."

"थाळीत जे येईल ते क्रमानं घ्यायचं. सोडायचं नाही. तुमची प्रत्येक थाळी नंतर मी पुन्हा बघणार."

"बघ. बघायलाच हवी."

"आणि शंका आली तर विचारायचं."

ती बसली, ब्रश ओला केला. मग तिकडे बघतच म्हणाली, "गोव्याच्या मॅडमनी मुलगी घेतली. दुसरी."

मी काळी पट्टी तिच्यासमोर सरकवली. 

८ एप्रिल, मंगळवार

आज सतरा वेळा विचारलं. अठराव्यांदा ती म्हणाली, "बाई, हा तर साधा वाळूचा कण आहे." आणि पहिल्यांदा जरा हसली.

रांगा बिघडलेल्या दिसतात. तशाच ठेवते.

१४ एप्रिल, सोमवार

लोधिवलीत जयंतीची मिरवणूक. पौर्णिमा आज येणार नव्हती. शनिवारी म्हणाली होती, "या की बाई, जेवायलाच या." मी म्हटलं, ठिकाण आठ राहिलंय ना गं. तिनं पुन्हा म्हटलं नाही.

दिवसभर बाजाराकडून गाण्यांचा आवाज येत होता. ठिकाण आठच्या थाळीत वेडेवाकडे सर्वांत जास्त आहेत. एकेकाला पट्टीवर ठेवताना आता नीट बघते. एकाच्या सुरुवातीच्या खोल्या अगदी रेखीव आहेत, आणि मग कुठेतरी काहीतरी झालं आहे. तरी त्यानं बांधणं सोडलेलं नाही. आणखी चार खोल्या बांधल्यात.

संध्याकाळी वाटलं, जायला हवं होतं.

२५ एप्रिल, शुक्रवार

मोजणी पूर्ण झाली. मधली आठ ठिकाणं स्वच्छ नाहीत. शंभरात किती ते इथे लिहीत नाही, तो तिचा आकडा आहे. तिवरांचं म्हणणं गेलं. ते गेल्याचं तिला दुःख झालेलं दिसलं नाही, मलाच झालं.

जाताना तिनं विचारलं, "पहिली वेचणी का रद्द केली ते प्रबंधात लिहावं लागेल, बाई. तुमचं नाव घालू का नको?"

इतक्या वर्षांत माझं नाव कुठल्याही पुस्तकात छापलेलं नाही. छापून यायचं ते असं!

"नाव न घालता चालेल?"

"चालेल. 'एका सहायकानं' असं लिहीन."

मी उद्या सांगते म्हटलं.

२६ एप्रिल, शनिवार

फोन करून सांगितलं, घाल. ती म्हणाली, "पूर्ण नाव?" म्हटलं, पूर्ण.

२ मे, शुक्रवार

परवा प्रबंध दिला. आज पौर्णिमा पेढे घेऊन आली, सोबत तिची आई पुतळाबाई. शाळेच्या पालकसभेत एकदा ओझरत्या पाहिल्या होत्या. माथेरानला हॉटेलात खोल्या आवरायचं काम करतात, आज रजा काढून आल्या. आत येताच मला न्याहाळलं.

"तुमीच का वो त्या, वाकडं काढून टाकनाऱ्या बाई?"

"आई!" पौर्णिमा ओरडली.

"मीच," मी म्हटलं.

"गप गं. मी काय भांडाया आले का? म्या हिला तवाच बोलले, बाईनं आपल्या तोंडानं सांगितलं ना? मी असते तर नसतं सांगितलं. बाटली नेऊन पाताळगंगेत उपडी केली असती." आणि खळखळून हसल्या. पौर्णिमा कपाळाला हात लावून बसली, पण तीही हसत होती.

प्रबंधाचं ते पान तिनं मला वाचून दाखवलं, इंग्रजीतलं मराठीत करून. 'ठिकाण पाच ते बारा यांची पहिली वेचणी रद्द केली आहे. वेचताना आकार बिघडलेले नमुने वगळले गेले होते. ही चूक सुचेता हेमचंद्र सबनीस यांनी स्वतः लक्षात आणून दिली. दुसरी वेचणी त्यांनी व संशोधिकेनं मिळून केली.' बस, एवढंच. मी पुन्हा एकदा वाचायला सांगितलं.

"सर म्हणाले, हे पान प्रबंधातलं सगळ्यात भरवशाचं आहे," पौर्णिमा म्हणाली. गोव्याच्या मॅडमना त्यांनी प्रबंध पाठवला आहे. पुढच्या वर्षी जागा निघाली तर निघाली.

चहा करायला आत गेले. कपाटापाशी जरा थांबले. पुतळाबाईंना कुठला कप द्यावा? असा विचार कशाला आला कोण जाणे. मग पांढऱ्यातले तीन काढले. तेवढ्यात पौर्णिमा मागे आली आणि नेहमीप्रमाणे खिडकीतला निळा कप घेऊन पुढे केला. "बाई, माझा यात."

मी म्हटलं, "आज तो मला दे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग दिला.

बाहेर येऊन तिघी बसलो. मी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. त्याचा कान मुळातच वाकडा जोडलेला आहे, बोट आत जात नाही. कप धरायचा तर अंगालाच धरावा लागतो, आणि तो निखाऱ्यासारखा तापतो. म्हणून तर तो कधीकाळी माळ्यावर टाकला होता. आता आठवलं.

"चटका बसला का वो?" पुतळाबाईंनी विचारलं.

"बसला जरा."

मी पौर्णिमेकडे पाहिलं. जानेवारीतच नाही, भर एप्रिलमध्येही ती तो ओढणीत धरून प्यायची, आणि मी ते सगळं थंडीवर घातलं होतं.

पदर पुढे घेतला, त्यात कप धरला आणि चहा संपेपर्यंत खाली ठेवला नाही.